मेलरोज प्लेसच्या गोदामातलं जॅझ

लॉस एंजेलिसमध्ये मेलरोज प्लेस नावाचा एक छोटा रस्ता आहे. पन्नाशीच्या दशकात तिथल्या ८४८१ क्रमांकाच्या जागेत 'कंटेम्पररी रेकॉर्ड्स' या कंपनीचं कार्यालय होतं आणि कार्यालयाच्या मागे माल ठेवायची खोली. छापून आलेल्या रेकॉर्ड तिथे रचून ठेवायच्या, खोक्यांत भरायच्या आणि गावोगावच्या दुकानांना रवाना करायच्या. ध्वनिमुद्रण असलं की खोकी बाजूला सारून मध्ये जागा करायची आणि माइकचे स्टँड उभे करायचे. सॉनी रोलिन्स, आर्ट पेपर, ऑर्नेट कोलमन, शेली मॅन, बेनी कार्टर ही सगळी मंडळी या खोलीत वाजवून गेली. ज्यांच्या नुसत्या आवाजासाठी आजही रसिक जुन्या प्रती शोधत फिरतात, अशा कितीतरी रेकॉर्ड या गोदामात जन्मल्या.

मी ध्वनिमुद्रक आहे. मुंबईत जिंगल्स, भावगीतांच्या कॅसेट आणि पुढे शास्त्रीय गायनाच्या मैफली ध्वनिमुद्रित करण्यात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे या कंपनीकडे मी आधी कानांनी पोचले, तिचा इतिहास नंतर वाचला. काळाघोड्याच्या 'ऱ्हिदम हाऊस'मध्ये सॅक्सोफोनवादक आर्ट पेपरची एक सीडी मिळाली होती. घरी येऊन लावली आणि पहिल्याच गाण्यात ड्रमच्या झांजेवर काडी टेकली तेव्हा तो धातू मला दिसलाच जणू. मुद्रण १९५७ सालचं होतं, माझ्या जन्माच्याही आधीचं. आम्ही तेव्हा चोवीस ट्रॅकच्या यंत्रावर काम करत होतो, झांजेला वेगळा माइक, प्रत्येक ढोलाला वेगळा, आणि तरीही असा धातू आमच्या हाती लागत नव्हता.

मग कव्हर वाचलं. तिथे मुद्रणाची तारीख होती, चारही वादकांची नावं होती, निर्मात्याचं होतं आणि ध्वनिमुद्रकाचंही होतं. आमच्याकडच्या कॅसेटवर गायकाचा फोटो, कवीचं नाव, संगीतकाराचं नाव असायचं. तबला कोणी वाजवला, बासरी कोणाची, माइक कोणी लावले, याची दखल क्वचितच. एखाद्या सुंदर बासरीच्या तुकड्याचा वादक कोण हे आज शोधायला गेलं तर जुन्या माणसांच्या आठवणीखेरीज आधार नसतो. म्हणून त्या कव्हरवरची ती बारीक अक्षरं मला मोठी वाटली. इतक्या काटेकोरपणे सगळ्यांची नोंद करणारा माणूस कोण, हे शोधायला मी निघाले ते तिथून.

तो माणूस म्हणजे लेस्टर कोनिग. जन्म १९१७चा, न्यूयॉर्कचा. डार्टमथ महाविद्यालयात शिकताना बड शुलबर्ग हा त्याचा मित्र झाला. बडचे वडील हॉलिवुडमधले बडे निर्माते होते, आणि त्या ओळखीने कोनिग तरुणपणीच पॅरामाउंटमध्ये लेखक म्हणून लागला. दुसऱ्या महायुद्धात तो दिग्दर्शक विल्यम वायलरबरोबर लष्करासाठी माहितीपट करत होता. 'मेम्फिस बेल' या बॉम्बफेकी विमानावरचा त्यांचा माहितीपट १९४४चा. युद्धानंतरही दोघांची जोडी टिकली. 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज', 'द एअरेस' या वायलरच्या चित्रपटांवर कोनिगने काम केलं. चित्रपटसृष्टीत त्याची गाडी चांगली मार्गाला लागली होती.

तेवढ्यात अमेरिकेत साम्यवाद्यांचा शोध सुरू झाला. संसदेची एक समिती हॉलिवुडच्या लोकांना बोलावून घ्यायची आणि दोन गोष्टी विचारायची: तू पक्षाचा सदस्य होतास का, आणि तुझ्याबरोबर आणखी कोण होतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं की नोकरी वाचायची. कोनिगने समितीशी सहकार्य केलं नाही. त्याचं नाव काळ्या यादीत गेलं आणि चित्रपटांची दारं बंद झाली. 'रोमन हॉलिडे' या वायलरच्या १९५३च्या चित्रपटावर त्याने काम केलं होतं, पण श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही.

दुसऱ्यांची नावं सांगायला नकार दिला म्हणून ज्याचं स्वतःचं नाव पडद्यावरून पुसलं गेलं, त्या माणसाने पुढची पंचवीस वर्षं आपल्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूवर प्रत्येक वादकाचं नाव छापलं. कोनिगने हे जाणूनबुजून केलं असा दावा मी करत नाही, तसं त्याने कुठे म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. पण हे दोन्ही एकाच माणसाने केलं, आणि मला त्याच्याबद्दल जो जिव्हाळा वाटतो तो इथून वाटतो.

रेकॉर्डचा नाद त्याला आधीपासून होता. चित्रपटात असतानाच, १९४९ साली, त्याने 'गुड टाइम जॅझ' नावाची छोटी कंपनी काढली, आणि तीही एकाच वाद्यवृंदासाठी. वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओतले चित्रकार फावल्या वेळात जुन्या न्यू ऑर्लिन्स पद्धतीचं जॅझ वाजवत. ट्रॉम्बोनवर असायचा वॉर्ड किंबॉल, डिस्नेच्या नामवंत ॲनिमेटरांपैकी एक. अग्निशमन दलाचे गणवेश आणि शिरस्त्राणं घालून ते रंगमंचावर येत. 'फायरहाऊस फाइव्ह प्लस टू' हे त्यांचं नाव. रेकॉर्ड तडाखेबंद खपल्या आणि कोनिगच्या हाती भांडवल आलं. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या पिढीतल्या किड ओरीसारख्या वादकांनाही त्याने या कंपनीत जागा दिली. नव्या संगीतासाठी त्याने १९५१मध्ये दुसरी कंपनी सुरू केली, ती 'कंटेम्पररी'.

तिच्या सुरुवातीच्या जॅझ रेकॉर्ड हर्मोसा बीच या समुद्रकाठच्या गावातल्या 'लाइटहाऊस कॅफे'तल्या मंडळींच्या. बास वाजवणाऱ्या हॉवर्ड रम्सीने १९४९मध्ये कॅफेच्या मालकाला गळ घालून दर रविवारी तिथे जॅझ सुरू केलं होतं. लॉस एंजेलिसचे वादक दिवसा चित्रपटांच्या पार्श्वसंगीतात कागदावर लिहिलेलं बिनचूक वाजवून पोट भरत, आणि रात्री किंवा रविवारी मनातलं वाजवायला अशा ठिकाणी येत. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतले गोव्याचे वादक दिवसा स्टुडिओत आणि रात्री चर्चगेटच्या हॉटेलांत वाजवत, त्यांची आठवण मला इथे होते. पोट आणि हौस यांची ही वाटणी कोनिगला नीट कळली होती. वादकाच्या दिवसाच्या कामाला धक्का न लावता त्याचा उरलेला वेळ आपल्याला कसा मिळेल, हे बघणं हा त्याच्या निर्मितीचाच भाग होता.

ते सगळ्यांत स्पष्ट दिसतं ७ मार्च १९५७च्या रात्री. ड्रमवादक मॅक्स रोचच्या वाद्यवृंदाबरोबर सॉनी रोलिन्स पहिल्यांदाच कॅलिफोर्नियात आला होता. सव्वीस वर्षांचा टेनर सॅक्सोफोनवादक, आणि न्यूयॉर्कमध्ये त्याच्याइतकी चर्चा दुसऱ्या कोणाची नव्हती. त्याला पियानो नको होता, फक्त बास आणि ड्रम हवे होते. बाससाठी रे ब्राऊन आणि ड्रमसाठी शेली मॅन ठरले. पण दोघेही कामात बुडालेले, तिघांच्या वेळा काही केल्या जुळेनात. शेवटी पहाटे तीनची वेळ ठरली.

सकाळी सात वाजेपर्यंत अर्धी रेकॉर्ड झाली होती. मॅन चोवीस तास जागा होता आणि ब्राऊनला दुपारी पुन्हा स्टुडिओत हजर व्हायचं होतं. तरी रोलिन्स आत्ता कुठे रंगात आलो म्हणत होता, आणि बाकीच्या दोघांचीही उठायची तयारी नव्हती. कोनिगने ही हकिगत कव्हरवर लिहून ठेवली आहे. 'वे आउट वेस्ट' ऐकताना वादनातला सैलपणा जाणवतो तो या वेळेचाही आहे. पहाटे चार वाजता ध्वनिमुद्रण केलेलं माणूस हे ओळखेल. त्या वेळी कोणी आपलं कसब दाखवायला वाजवत नाही.

या रेकॉर्डचं कव्हर विल्यम क्लॅक्स्टनने काढलं. मोहावे वाळवंटात काउबॉयची टोपी, कमरेला पिस्तुलाचा पट्टा, हातात सॅक्सोफोन, शेजारी गुराची वाळलेली कवटी. रोलिन्सला लहानपणापासून काउबॉयपटांचं वेड होतं आणि रेकॉर्डमधली दोन गाणी त्याच मुलखातली आहेत. काहींना हे कव्हर पोरकट वाटलं. मला ते फार आवडतं. काळ्या माणसाला काउबॉयच्या वेशात बघायची सवय हॉलिवुडने प्रेक्षकांना लावलीच नव्हती, आणि हॉलिवुडपासून काही तासांच्या अंतरावर एक सव्वीस वर्षांचा काळा वादक ऐटीत तो वेश करून उभा राहिला.

या रोलिन्सचा मुंबईशी खरा संबंध आहे. साठच्या दशकाच्या अखेरीला वाजवणं थांबवून तो भारतात आला आणि काही महिने पवईच्या आश्रमात राहिला, स्वामी चिन्मयानंदांच्या. पुढे १९७८मध्ये मुंबईत पहिली 'जॅझ यात्रा' भरली, तेव्हा धोबीतलावच्या रंगभवनात त्याचं वादन झालं. ते ऐकलेले लोक मला भेटले आहेत. त्या उघड्या नाट्यगृहाबद्दल बोलताना त्यांचे डोळे अजून चमकतात.

आता आवाजाबद्दल, कारण माझं मन तिथेच अडकलेलं आहे. कोनिगकडे १९५६मध्ये रॉय ड्यूनान नावाचा ध्वनिमुद्रक आला, आधी तो कॅपिटॉल कंपनीत होता. कंटेम्पररीकडे त्या वेळचे उत्तम जर्मन आणि ऑस्ट्रियन कंडेन्सर माइक होते, नॉयमन आणि एकेजी कंपन्यांचे. हे माइक फार संवेदनशील. माइकमधून निघणारा संकेत एरवी इतका क्षीण असतो की टेपयंत्राकडे जाण्याआधी तो प्रीॲम्प्लिफायरमध्ये वाढवून घ्यावा लागतो. पण असा माइक ड्रमच्या जवळ ठेवला की त्यातूनच भरपूर जोराचा संकेत येतो, तो आणखी वाढवायला गेलं की आवाज फाटतो. बहुतेक ध्वनिमुद्रक अशा वेळी माइक लांब नेतात. ड्यूनानने माइक जागेवर ठेवले आणि मधला प्रीॲम्प्लिफायरच काढून टाकला. माइक, पातळी कमी-जास्त करायची साधी बटणं आणि टेपयंत्र, इतकीच वाट.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. आमच्या धंद्यात सगळ्यांचा ओढा जोडण्याकडे असतो. आवाज बोथट वाटला, जोड एखादं यंत्र. कडक वाटला, आणखी एक जोड. संकेताच्या वाटेतला प्रत्येक टप्पा आपला थोडासा डाग सोडतो हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं, तरी काढून टाकायचं धाडस होत नाही. ड्यूनानने ते केलं, तेही व्हॅक्यूम ट्यूबच्या काळात, आणि समोर जगातले उत्तम वादक बसलेले असताना. स्टिरिओचं मुद्रण थेट दोन ट्रॅकवर व्हायचं. बास कमी पडला म्हणून नंतर वाढवायची सोय नव्हती. पातळी त्या क्षणी बोटांनीच सांभाळायची. हॉवर्ड होल्झर हा दुसरा ध्वनिमुद्रकही त्याच्या जोडीला असे, आणि कव्हरवर अनेकदा दोघांचीही नावं दिसतात.

खोली लहान होती, त्यामुळे वादक एकमेकांच्या अगदी जवळ बसत. मधे काचेच्या भिंती नाहीत, कानांवर हेडफोन नाहीत. जो आवाज समोरच्याच्या वाद्यातून येतो तोच ऐकायचा आणि आपण किती जोरात वाजवायचं ते त्यावरून ठरवायचं. तबलजी गायकाच्या शेजारी बसतो तेव्हा जे तोल सांभाळणं चालतं, तेच हे. मैफलीत मी दोघांना दूर बसवून पाहिलं आहे, आवाज वेगळे छान मिळतात आणि गाणं मरतं.

जॅझच्या ध्वनिमुद्रणाचं नाव काढलं की लोक न्यू जर्सीच्या रूडी व्हॅन गेल्डरचं नाव घेतात. तोही १९५९पर्यंत आईवडिलांच्या हॅकनसॅकच्या घरी, दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करत असे. त्याच्या आवाजात ऊब आहे, धक्का आहे, सॅक्सोफोन अंगावर येतो. त्याचा पियानो मात्र मला नेहमी थोडा झाकल्यासारखा वाटतो. ड्यूनानच्या पियानोत हातोडी तारेवर पडल्यापासून सूर विरेपर्यंतचा सगळा प्रवास ऐकू येतो. माझं मत विचाराल तर ऐकण्याच्या आनंदासाठी व्हॅन गेल्डर आणि शिकण्यासाठी ड्यूनान.

या खोलीच्या सुरुवातीच्या यशाची कहाणी आपल्या वाचकांना जवळची वाटेल. बर्नार्ड शॉच्या ज्या 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांड्यांनी 'ती फुलराणी' केलं, त्यावरूनच अमेरिकेत 'माय फेअर लेडी' हे संगीतनाटक निघालं, १९५६च्या मार्चमध्ये. त्याच वर्षी १७ ऑगस्टला शेली मॅन, बासवर लेरॉय व्हिनेगर आणि पियानोवर सत्तावीस वर्षांचा आंद्रे प्रेव्हिन यांनी त्या नाटकाची गाणी जॅझमध्ये वाजवली. प्रेव्हिन बर्लिनमध्ये जन्मलेला, एमजीएम स्टुडिओचा संगीतकार, पुढे लंडन सिम्फनीचा मुख्य संचालक झालेला. एकाच दिवसात झालेली ही रेकॉर्ड जॅझच्या हिशेबाने अफाट खपली. मग नाटकांच्या गाण्यांचं जॅझ करायची लाटच आली. त्या लाटेतलं बरंचसं आज ऐकवत नाही, पण तिने मिळवून दिलेल्या पैशांवर कोनिगला फारशी न खपणारी माणसं मुद्रित करता आली.

अशा माणसांत पहिला ऑर्नेट कोलमन. टेक्ससचा, प्लॅस्टिकचा आल्टो सॅक्सोफोन वाजवणारा, लॉस एंजेलिसच्या 'बुलक्स' या दुकानात लिफ्ट चालवून गुजराण करणारा. त्याला पाहून वादक रंगमंचावरून निघून जात, कारण तो ठरलेल्या सुरावटींच्या चौकटीत वाजवतच नसे. त्याची गाणी तरी कोणी विकत घ्यावीत म्हणून एका बासवादकाने त्याला कोनिगकडे पाठवलं. कोनिगने गाणी पियानोवर वाजवून दाखवायला सांगितलं, ते कोलमनला जमेना. मग त्याने आपला सॅक्सोफोन काढला. कोनिगने गाणी घेतलीच, शिवाय कोलमनलाच वाजवायला बोलावलं. 'समथिंग एल्स' ही त्याची पहिली रेकॉर्ड १९५८मध्ये या गोदामात झाली, नावापुढे चार उद्गारचिन्हं लावून. पुढच्या वर्षी दुसरीही झाली. मग कोलमन न्यूयॉर्कला अटलांटिक कंपनीकडे गेला आणि जॅझचं जग ढवळून निघालं. अटलांटिकमध्ये तेव्हा जॅझ विभाग सांभाळत होता नेसुही एर्टेगुन, जो १९५५पर्यंत कोनिगचाच सहकारी होता. इतिहासाच्या पुस्तकांत कोलमनची क्रांती अटलांटिकपासून सुरू होते. ज्या माणसाने दार उघडून त्याला आत घेतलं त्याचा उल्लेख एका वाक्यात आटोपतो, आणि हे मला पटत नाही.

पश्चिम किनाऱ्याच्या जॅझबद्दल एक तक्रार जुनीच आहे: हे गोऱ्या वादकांचं, थंड, चित्रपटसृष्टीत गुळगुळीत झालेलं संगीत. न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी ती रुजवली. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. पण लॉस एंजेलिसमध्ये काळ्या आणि गोऱ्या वादकांच्या संघटनाच १९५३पर्यंत वेगवेगळ्या होत्या, एक ७६७ क्रमांकाची, दुसरी ४७. चित्रपटांची चांगल्या पैशांची कामं कोणाकडे जात हे वेगळं सांगायला नको. अशा शहरात कोनिगने हॅम्प्टन हॉज, लेरॉय व्हिनेगर, हॅरोल्ड लँड, कर्टिस काउन्स, टेडी एडवर्ड्स यांना नाव आणि जागा दिली. त्यांच्या रेकॉर्ड एका बैठकीत ऐका, त्यात थंड काही सापडणार नाही.

हॅम्प्टन हॉजबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. लॉस एंजेलिसमधल्या एका पाद्रीचा मुलगा, पियानो स्वतःच शिकलेला. कोनिगने त्याची पहिली त्रिकूट-रेकॉर्ड जून १९५५मध्ये केली, ती पोलिस अकादमीच्या व्यायामशाळेत. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात एका रात्रीत, सलग वाजवत, तीन रेकॉर्ड भरतील इतकं संगीत झालं. 'ऑल नाइट सेशन' या नावाने ते तीन खंडांत निघालं. पण हॉज हेरॉइनच्या विळख्यात होता. नोव्हेंबर १९५८मध्ये, तिसाव्या वाढदिवशी, त्याला अटक झाली. शिक्षा होण्याआधीच्या मोकळ्या दिवसांत त्याने कोनिगकडे चर्चमधली भजनं वाजवली, बालपणी वडिलांच्या प्रार्थनाघरात ऐकलेली. मग दहा वर्षांची शिक्षा. तुरुंगात टीव्हीवर केनेडींचा शपथविधी पाहिला आणि त्याच्या मनाने घेतलं की हा माणूस आपलं ऐकेल. त्याने माफीचा अर्ज केला. ऑगस्ट १९६३मध्ये राष्ट्राध्यक्षांनी तो मान्य केला. बाहेर आल्यावर १९६४ची त्याची रेकॉर्ड पुन्हा कंटेम्पररीचीच होती.

आर्ट पेपरचंही तसंच. १९ जानेवारी १९५७ला माइल्स डेव्हिसचे तीन साथीदार, रेड गार्लंड, पॉल चेंबर्स आणि फिली जो जोन्स, लॉस एंजेलिसमध्ये होते. त्यांच्याबरोबर वाजवायचं आहे हे पेपरला त्याच दिवशी सकाळी कळलं, असं तो आत्मचरित्रात लिहितो. महिनोन् महिने वाद्याला हात लावला नव्हता, वाद्याचं बूचही सुकून तुटलं होतं, असंही सांगतो. मुद्रणांच्या नोंदी मात्र दाखवतात की त्याच महिन्यात तो दुसरीकडे वाजवून आला होता. दंतकथेला एवढी सूट मी आनंदाने देते, कारण त्या दिवसाचं वादन खरोखरच जिवावर उदार झालेल्या माणसाचं आहे. माझ्या हाती लागलेली सीडी हीच. पेपरचीही पुढची बरीच वर्षं तुरुंगात गेली, काही सॅन क्वेंटिनमध्ये. तो सावरून परतला तेव्हा १९७५मध्ये त्याला पुन्हा मुद्रित केलं कोनिगने, आणि पियानोवर बसवलं हॅम्प्टन हॉजला, ड्रमवर शेली मॅनला. व्यवहार पाहणारी कंपनी व्यसनी कलावंतापासून दूर राहते. कोनिगने पंधरा-वीस वर्षं वाट पाहिली.

१९७७मध्ये हे सगळं संपलं. मे महिन्यात हॉज गेला. जुलैत कोनिगने पेपरला न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड'मध्ये नेऊन तीन रात्रींचं वादन मुद्रित केलं, आणि नोव्हेंबरात कोनिग स्वतः गेला, साठीही पुरी न होता. त्याचा मुलगा जॉन, जो चेलोवादक होता, त्याने काही वर्षं कंपनी चालवली. १९८४मध्ये ती फँटसी कंपनीकडे गेली. प्रेस्टिज आणि रिव्हरसाइड या न्यूयॉर्कच्या दोन स्वतंत्र कंपन्या तिथे आधीच येऊन पडल्या होत्या. रिव्हरसाइड तर १९६४मध्येच दिवाळखोरीत निघाली होती. २००४मध्ये फँटसीही काँकॉर्डने घेतली. लहान कंपन्यांचा प्रवास बहुतेक असाच होतो. कंटेम्पररीचं नशीब इतकंच की मूळ टेप जपल्या गेल्या, आणि फँटसीने 'ओरिजिनल जॅझ क्लासिक्स' या मालिकेत जुन्या कव्हरांसकट त्या रेकॉर्ड पुन्हा काढल्या. जगभरच्या माझ्या पिढीने कंटेम्पररी ऐकली ती या मालिकेतून. हॉजने अटकेनंतर वाजवलेली भजनंही अशीच १९८७मध्ये 'द सर्मन' या नावाने पहिल्यांदा लोकांपर्यंत आली.

ड्यूनानचं नाव मधल्या काळात जवळपास विस्मरणात गेलं. २००२मध्ये अमेरिकेतल्या एका ध्वनिविषयक मासिकाने त्याला शोधून काढलं, आणि माइकच्या वाटेतून प्रीॲम्प्लिफायर काढल्याची ती हकिगत माझ्यासारख्यांपर्यंत पोचली. कोनिगच्या आणखी एका कामगाराचं नाव मात्र आज धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. बर्नी ग्रंडमन १९६६च्या सुमारास कंटेम्पररीत लागला आणि रेकॉर्डची मूळ तबकडी कापण्याचं काम तिथे शिकला. पुढे तो या कामातला जगातला अव्वल माणूस झाला. अलीकडे कंटेम्पररीची सत्तरी साजरी करताना मूळ टेपवरून नव्या रेकॉर्ड कापायच्या ठरल्या, तेव्हा ते काम त्याच्याकडेच आलं. त्यातल्या दोन मी मागवल्या. 'वे आउट वेस्ट'मध्ये डाव्या बाजूला सॅक्सोफोन आणि उजवीकडे शेली मॅनचे ड्रम इतके स्वच्छ आहेत की घोड्याच्या टापांसारखा ठेका तो लाकडी ठोकळ्यावर काढतो तेव्हा काडीच्या आघाताची जागा बोटाने दाखवता यावी.

नव्याने ऐकणाऱ्याने मात्र रोलिन्सपासून सुरुवात करू नये असं मी सुचवेन. पियानो नसल्यामुळे कान आधाराविना राहतात. आधी 'ऑल नाइट सेशन'चा पहिला खंड घ्यावा, मग आर्ट पेपर, मग कोलमन. रोलिन्स त्यानंतर. आणि शक्य असेल तर रेकॉर्ड हाती घेऊन मागची बाजू वाचावी, फोनवर ऐकलं तर ती सगळी नावं दिसत नाहीत.